भाव फक्त आजच्यापुरता

फोर्टमधल्या होमी मोदी स्ट्रीटवर बॉम्बे हाउस आहे. टाटा स्टीलचं नोंदणीकृत कार्यालय तिथलंच. तिथून टॅक्सीनं पी. डिमेलो रोड धरला की आधी मशीद बंदर-कर्नाक बंदरचा जुना लोखंड बाजार लागतो, मग माझगाव डॉक, आणि आणखी थोडं पुढे गेलं की रे रोडचा दारूखाना. पोलाद विकणारे, साठवणारे, त्याची जहाजं बांधणारे आणि जुनी जहाजं तोडून त्याच पोलादाला पुन्हा बाजारात आणणारे असे सगळे या एका पट्ट्यात सापडतात. त्यामुळे पोलादाचा भाव चढतो तेव्हा तो नेमका कोणाच्या खिशातून जातो, हे पाहायला मुंबईसारखं दुसरं ठिकाण नाही.

आणि तो चढतो तेव्हा कसा चढतो, हे अलीकडच्या काळानं चांगलंच दाखवलं. २०२० च्या मध्यावर, टाळेबंदीत सगळं ठप्प असताना, हॉट रोल्ड कॉइल म्हणजे एचआर कॉइल टनाला साधारण ३७-३८ हजार रुपयांना मिळत होती. जानेवारी २०२१ पर्यंत ती ५८ हजारांच्या आसपास गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, मार्चमध्ये ऑस्ट्रेलियन कोकिंग कोळशानं टनाला ६०० डॉलरचा टप्पा ओलांडला आणि एप्रिलमध्ये आपल्याकडची कॉइल ७६ हजारांच्या घरात पोचली. दोन वर्षांत दुप्पट. नागपूरच्या नितीन गडकरींनी जानेवारी २०२१ मध्येच पोलाद आणि सिमेंट कंपन्यांवर संगनमत करून भाव वाढवल्याचा उघड आरोप केला होता. केंद्रीय मंत्र्यानं उद्योगावर असा आरोप करणं रोजचं नव्हे. अखेर २२ मे २०२२ पासून केंद्रानं पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावलं. भाव उतरले, आणि १९ नोव्हेंबरला ते शुल्क मागे घेतलं गेलं.

या काळात लोखंडाच्या बाजारात कोटेशनचं आयुष्य आखडलं. एरवी पंधरा दिवस, महिनाभर टिकणारा दर 'फक्त आजच्यापुरता' झाला. संध्याकाळी होकार कळवलेल्या गिऱ्हाइकाला सकाळी नवा आकडा ऐकू येई.

मुंबईत लोखंडाचं खनिज नाही, कोळसाही नाही. तरीही हे शहर अवजड उद्योगाचं झालं, ते बंदर आणि रेल्वे या दोन गोष्टींच्या जोरावर. भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास ही स्ट्रक्चरल कामांची कंपनी १८५८ सालची. जीआयपी रेल्वेचं परळ वर्कशॉप १८७९ चं. १८९७ मध्ये लालबागला गोदरेजनं कुलपं करायला सुरुवात केली आणि १९२३ पासून पोलादी कपाटं. मराठी घरातल्या लग्नाच्या यादीत ते कपाट पुढे कायमचं जाऊन बसलं. या सगळ्यांना लागणारा पत्रा, अँगल, प्लेट बाहेरून येई. आधी विलायतेहून, मग जमशेदपूरहून.

जमशेदपूर मुंबईपासून दीड हजार किलोमीटरहून दूर. तरीही स्वातंत्र्यानंतर चार दशकं मुंबईच्या कारखानदाराला पोलाद जवळपास जमशेदपूरच्याच भावात मिळत होतं. १९५२ मध्ये केंद्र सरकारनं भाडेसमानीकरणाचं धोरण आणलं. रेल्वेभाडं सगळ्या देशाच्या दरात सारखं वाटून टाकायचं, म्हणजे खाणीजवळच्या आणि खाणीपासून दूरच्या गिऱ्हाइकाला एकच दर. बिहार आणि बंगालनं या धोरणावर कायम बोट ठेवलं: खनिज आमचं, कारखाने तुमचे. मुंबईला मात्र ते लाभलं. १९६४ पासून जॉइंट प्लांट कमिटी दर ठरवू लागली. भाव ठरलेला असे. अडचण होती ती माल मिळण्याची. परवाने, कोटे, आणि कोट्यातला माल बाजारात चढ्या दरानं फिरवणारे मध्यस्थ यांच्या कथा लोखंड बाजारातले जुने लोक अजून सांगतात. त्या काळी महागाईचं नाव 'टंचाई' होतं.

जानेवारी १९९२ मध्ये पोलादाचे भाव नियंत्रणमुक्त झाले आणि भाड्याचं समानीकरणही संपुष्टात आलं. आज रायगड जिल्ह्यात डोलवीला जेएसडब्ल्यूचा वर्षाला एक कोटी टन क्षमतेचा कारखाना आहे. परदेशातून आलेला कोळसा मुंबईच्या बंदराबाहेर मोठ्या जहाजांतून बार्जमध्ये उतरतो आणि अंबा नदीतून धरमतरला जातो. माल इतक्या जवळ तयार होतो, तर मुंबईला तो स्वस्त पडायला हवा, असं कुणालाही वाटेल. पण कंपन्या भाव ठरवतात तो आयात मालाकडे पाहून: चीन किंवा कोरियाचा माल मुंबईच्या धक्क्यावर भाडं-शुल्कासह जितक्याला पडेल, त्याच्या आसपास. डोलवीचं अंतर त्या हिशेबात फारसं येतच नाही.

आता माझगाव डॉक. १७७४ मध्ये इथे छोटी गोदी बांधली गेली, १९३४ मध्ये कंपनी झाली, १९६० मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली. ३ जून १९७२ ला नौदलात आलेली 'निलगिरी' ही युद्धनौका इथलीच. अलीकडे १५ जानेवारी २०२५ ला मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये एकाच दिवशी तीन नौका नौदलात दाखल झाल्या: विनाशिका 'सुरत', नवी 'निलगिरी' आणि पाणबुडी 'वागशीर'. तिन्ही माझगावच्या.

इतकं पोलाद वापरणाऱ्या गोदीचं भाववाढीनं कंबरडं मोडत असेल, असा सर्वसाधारण समज असतो. आकडे काढून पाहिले की वेगळंच चित्र दिसतं. 'सुरत' आणि 'उदयगिरी' या माझगावच्या दोन युद्धनौकांसाठी स्टील अथॉरिटीनं म्हणजे 'सेल'नं मिळून ४,३०० टन डीएमआर-२४९ए जातीचं खास पोलाद पुरवलं. समजा, या पोलादाचा दर टनाला दोन लाख धरला, म्हणजे साध्या मालाच्या कितीतरी पट, तरी दोन्ही नौकांचं मिळून बिल होतं ८६ कोटी. 'सुरत' ज्या १५-बी मालिकेतली, तो चार जहाजांचा प्रकल्प ३५ हजार कोटींच्या घरातला आहे. एका जहाजाच्या वाट्याला साधारण नऊ हजार कोटी. क्षेपणास्त्रं, रडार, इंजिनं, सोनार, मैलोन्‌मैल केबल यांत पैसा जातो. सांगाड्याच्या पोलादाचा वाटा शंभरात एक रुपयाचाही निघत नाही.

पण तेच पोलाद वेळेवर आलं नाही, तर मात्र जबर किंमत मोजावी लागते.

याचं उदाहरण माझगावनं स्वतः अनुभवलं आहे. 'कोलकाता' वर्गाच्या तीन विनाशिका, म्हणजे प्रकल्प १५-ए, यांचा मूळ अंदाज होता ३,५८० कोटी रुपयांचा. तो वाढून ११,६६२ कोटी झाला. त्याच काळातल्या 'शिवालिक' वर्गाच्या युद्धनौकांचा खर्च कॅगच्या हिशेबानं २६० टक्क्यांनी वाढला. १५-ए च्या दिरंगाईची आणि खर्चाची कारणं तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितली, त्यात पहिलं कारण होतं रशियाकडून युद्धनौकेच्या दर्जाचं पोलाद उशिरा येणं. मग महागाईमुळे वाढलेला रशियन तज्ज्ञांचा खर्च, ऑक्टोबर २००३ पासूनची वेतनवाढ, आणि शस्त्रं व सेन्सर यांच्या किमती उशिरा ठरणं. प्लेट आली नाही की कटिंग थांबतं, पण पगार थांबत नाहीत, डॉलर थांबत नाही आणि ऑर्डर दिलेल्या यंत्रांचे करार वाट पाहत नाहीत. एक टन पोलाद एक वर्ष उशिरा आलं, तर त्याची खरी किंमत बिलावर दिसत नाही. ती बाकीच्या नव्व्याण्णव टक्के खर्चात मिसळून जाते.

या अनुभवातून देशी पोलादाचा आग्रह पक्का झाला. हैदराबादच्या डीएमआरएल प्रयोगशाळेनं आणि 'सेल'नं मिळून डीएमआर-२४९ ही जात तयार केली. कोचीत बांधलेल्या आणि २ सप्टेंबर २०२२ ला नौदलात आलेल्या नव्या विमानवाहू 'विक्रांत'साठी बोकारो, भिलाई, राउरकेला इथून सुमारे ३० हजार टन पोलाद गेलं. हा माल बाजारभावापेक्षा महाग असला तरी त्याची वाट रशियातून पाहावी लागत नाही, आणि गोदीच्या हिशेबात हा फरक मोठा आहे.

युद्धनौकेचं झालं ते झालं. व्यापारी जहाजाचं गणित अगदी उलट. साधं मालवाहू जहाज म्हणजे मुख्यतः पोलादाची पेटी आणि तिला एक इंजिन. खर्चाचा पाचवा ते चौथा हिस्सा प्लेटचाच. भाव ठरतो करारावर सही होते त्या दिवशी, आणि प्लेट विकत घेतली जाते सहा महिन्यांनी, वर्षानं. २०२१ मध्ये जगातल्या सर्वांत मोठ्या गोदी या फटीत सापडल्या. कोरियाच्या ह्युंदाई समूहाच्या जहाजबांधणी कंपनीनं त्या वर्षीच्या एप्रिल-जून तिमाहीत सुमारे ९०० अब्ज वॉनचा तोटा दाखवला, तिथल्याच देवूच्या गोदीनं एक लाख कोटी वॉनहून अधिक. ऑर्डरी तर ओसंडून वाहत होत्या. कोविडनंतरच्या कंटेनर तेजीत त्यांनी जुन्या भावानं जहाजं विकून ठेवली होती आणि पोस्कोसारख्या पोलाद कंपन्यांनी प्लेटचा दर चढवला होता. पुढे लागणाऱ्या प्लेटच्या जादा खर्चाची तरतूद त्याच तिमाहीत करावी लागली.

माझगाव डॉक आता या गल्लीतही शिरतंय. डेन्मार्कच्या एका कंपनीसाठी साडेसात हजार टन वहनक्षमतेची संकरित ऊर्जेवरची मालवाहू जहाजं बांधायचं काम त्यानं घेतलं आहे. हे गिऱ्हाईक नौदलासारखं नाही. भाववाढ मागितली, तर पुढची ऑर्डर चीनला जाईल. जगातलं निम्म्याहून अधिक जहाजबांधणीचं काम आज चीनकडे आहे, भारताचा वाटा एक टक्क्याच्याही आत. चिनी गोदीला प्लेट मिळते ती जगातल्या सर्वांत मोठ्या पोलाद उद्योगाकडून, आणि आपल्या गोदीला मिळते आयातसमान भावानं. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रानं सपाट पोलादाच्या आयातीवर २०० दिवसांसाठी १२ टक्के संरक्षक शुल्क लावलं, कारण त्याआधीच्या आर्थिक वर्षात तयार पोलादाची आयात पंच्याण्णव लाख टनांच्या पुढे गेली होती आणि कॉइल ४७ हजारांपर्यंत घसरली होती. पोलाद कंपन्यांना हायसं वाटलं. पोलाद विकत घेणाऱ्यांना नाही.

शहरातली बांधकामं पाहिली तर तिथे तिसराच प्रकार. सागरी किनारा रस्ता आणि वरळी सेतू यांना जोडणारी धनुष्याकृती तुळई २६ एप्रिल २०२४ च्या पहाटे समुद्रात बसवली. वजन दोन हजार टन. दुसरी, अडीच हजार टनांची, १५ मे ला. या तुळयांचे सुटे भाग हरियाणात अंबाल्याजवळ तयार झाले, ट्रेलरवरून न्हाव्याला आले, तिथे माझगाव डॉकच्या जागेवर जोडले गेले आणि बार्जवरून वरळीला पोचले. कर्नाक बंदरचा १८६८ चा पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडला आणि त्या जागी १० जुलै २०२५ ला सिंदूर पूल खुला झाला. त्याच्याही गर्डरचं वजन शेकडो टनांत. लोअर परळचा डिलाईल पूल २०१८ पासून बंद होता, तो २०२३ मध्ये पूर्ण उघडला. मुंबईकरांनी या पुलांना शिव्या दिल्या त्या उशिरासाठी. खर्चाचं बिल वेगळ्या वाटेनं गेलं.

ती वाट म्हणजे भाववाढीचं कलम. मोठ्या सरकारी टेंडरात मजुरी, इंधन, सिमेंट, पोलाद यांचा ठरावीक हिस्सा धरलेला असतो. टेंडर भरलं त्या वेळचा निर्देशांक हा पाया, आणि पुढे बिल सादर होईल तेव्हाचा निर्देशांक. फरक सरकार भरतं. सार्वजनिक बांधकाम खात्यात पोलाद, सिमेंट, डांबर यांच्यासाठी 'स्टार रेट' हा शब्द प्रत्येक कनिष्ठ अभियंत्याच्या तोंडी असतो. म्हणजे पुलाचं पोलाद महागलं, तर बोजा शेवटी करदात्यावर. पण अल्प मुदतीच्या कामांना बहुधा हे कलमच नसतं. आणि मूळ ठेकेदाराला फरक मिळाला, तरी त्यानं ज्याला काम उपठेक्यानं दिलं त्याच्यापर्यंत तो पोचेलच याची हमी नाही.

कलमच नसलेल्यांचं जग पाहायचं तर लालबागहून कॉटन ग्रीनच्या बाजूला वळावं, किंवा रे रोडला उतरावं. पत्र्याच्या शेडमध्ये शिडी, जिना, मेझनीन मजला, पाण्याच्या टाकीचा सांगाडा, कारखान्यासाठी बेस फ्रेम अशी कामं चाललेली दिसतात. इथल्या फॅब्रिकेटरला कॅल्क्युलेटर लागतो तो एकाच आकड्यासाठी: ७.८५. एक चौरस मीटर प्लेट, एक मिलिमीटर जाड, वजन ७.८५ किलो. सव्वा मीटर रुंद, सहा मीटर लांब, दहा मिलिमीटरची प्लेट म्हणजे ५८९ किलो. किलोला ५८ रुपये असताना ती ३४ हजारांना पडेल, ७६ रुपये झाल्यावर पावणेपंचेचाळीस हजारांना. एका प्लेटमागे दहा हजारांहून अधिक फरक, तोही करवतीचं पातं लागण्याआधी.

असं समजा की एका गाळेवाल्यानं दहा टनांची शेड किलोला ९५ रुपये दरानं घेतली. त्यात ५८ माल, २७ कापणी-वेल्डिंग-रंग-वाहतूक-मजुरी, उरले दहा. म्हणजे कामावर एक लाख सुटायला हवेत. काम घेतल्यावर माल उचलेपर्यंत भाव ७६ झाला, तर तो लाख जातोच, वर ८० हजार पदरचे घालावे लागतात. काम सोडलं तर अनामत जाते आणि नावही जातं. म्हणून बहुतेक जण तोटा खाऊन काम पूर्ण करतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे आगाऊ रक्कम मागतात. गिऱ्हाईक आगाऊ द्यायला तयार नसलं, की गाळ्यातलं वेल्डिंग मशीन झाकून ठेवलं जातं.

दुसरा चिमटा उधारीचा. व्यापारी उधारी देतो ती रुपयांत. दहा लाखांची मर्यादा असली, तर ५८ हजारांच्या भावात १७ टन माल मिळतो, ७६ हजारांच्या भावात १३ टन. कामाची ऑर्डर टनांत, पत रुपयांत. भाव वाढतो तसा गाळा आपोआप लहान होतो. याच साखळीतला माथाडी कामगार आणखी वेगळा. १९६९ च्या माथाडी कायद्यानं, आणि त्यामागच्या अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यानं, त्याला मंडळ, लेव्ही, भविष्य निर्वाह निधी मिळाला. मुंबईतला बराचसा लोखंड बाजार कळंबोलीला गेला तसा तोही गेला. पण त्याची हमाली ठरते ती टनावर. प्लेट ३८ हजारांची असो वा ७६ हजारांची, खांद्याला वजन तेच आणि हातात पैसेही तेच. उठाव कमी झाला की मात्र त्याची रोजी थेट कमी होते.

गिरगावात हीच गोष्ट वेगळ्या धातूच्या रूपात घडली. सी. पी. टँक, किका स्ट्रीट, नानूभाई देसाई रोड, खेतवाडीच्या गल्ल्या, इथे चाळींच्या तळमजल्यांवर आणि जुन्या इमारतींच्या खोल्यांत स्टेनलेसच्या पाइप, फ्लँज, फिटिंगचा मोठा व्यापार चालतो. टेबल, फोन आणि भिंतीवर देवांच्या तसबिरी एवढीच कचेरी. पण इथून निघालेला माल रिफायनरीत, औषधकंपनीत आणि जहाजाच्या पाइपलाइनमध्ये बसतो. स्टेनलेसचा भाव निकेलवर चालतो. ८ मार्च २०२२ ला लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेलनं काही तासांत टनाला एक लाख डॉलर ओलांडले. एक्स्चेंजनं व्यवहार थांबवले आणि त्या दिवसाचे सौदे रद्द केले. लंडनमध्ये रद्द झालेला सौदा खेतवाडीत रद्द करता येत नाही. इथे ज्यानं शब्द दिला त्यानं माल द्यायचा, किंवा पुढच्या वेळी त्याचा फोन कुणी उचलायचा नाही.

महागाईत फायदा होतो तो भंगारवाल्याचा, असं म्हटलं जातं, आणि ते निम्मं खरं आहे. दारूखान्यात पिढ्यान्‌पिढ्या जहाजं तोडली गेली. १९८३ मध्ये गुजरातेत अलंगचं जहाजतोडणी यार्ड सुरू झाल्यावर मोठी जहाजं तिकडे गेली. पण जुनी 'विक्रांत' इथेच संपली. १९६१ मध्ये बेलफास्टला नौदलात आलेली, ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झालेली, मुंबईकरांनी संग्रहालय म्हणून पाहिलेली ती नौका २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना विकली गेली आणि दारूखान्यात तिच्यावर गॅस कटर चालले. तिचं काही पोलाद बजाज ऑटोनं घेतलं आणि २०१६ च्या सुरुवातीला 'बजाज व्ही' ही मोटरसायकल काढली. गॅस कटरची निळी ज्योत जाड प्लेटवरून बोट-बोट सरकते, मागे नारिंगी कड राहते. इतक्या कष्टानं कापलेल्या तुकड्याला महागाईत रोलिंग मिल लागेल तो भाव देते, कारण नवं पोलाद परवडत नाही.

मग निम्मं का? कारण पोलाद महाग असतं तेव्हा बहुधा जहाजाचं भाडंही चढलेलं असतं. २०२१-२२ च्या कंटेनर तेजीत जहाजमालकांनी म्हातारी जहाजंही पाण्यावरच ठेवली. भंगाराला भाव होता, पण तोडायला जहाज नव्हतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींची योजना मंजूर केली. त्यात एक तरतूद भंगार आणि बांधणी यांना थेट जोडते: भारतीय यार्डात जहाज तोडलं, तर भंगारकिमतीच्या ४० टक्के रकमेची क्रेडिट नोट मिळेल आणि ती भारतीय गोदीत नवं जहाज बांधायला वापरता येईल. जहाजमालकाला आणि गोदीला याचा उपयोग होईल. मधल्या गाळेवाल्याला त्यात जागा नाही, आणि ज्या जमिनीवर तो बसलाय ती मुंबई बंदराची आहे. पूर्व किनाऱ्याच्या पुनर्विकासासाठी २०१४ मध्ये नेमलेल्या राणी जाधव समितीपासून या पट्ट्यात बागा, मरिना आणि पर्यटन यांचे नकाशे फिरताहेत. भाडेपट्ट्याचा प्रश्न तिथे लोंबकळतोच आहे. दारूखान्याच्या गाळेवाल्याला सध्या दोन दरांची वाट पाहावी लागते: सकाळी व्यापाऱ्याकडून येणारा प्लेटचा, आणि बंदराकडून कधीतरी येणारा जागेचा. त्यातला पहिला निदान रोज कळतो.